बेकरीवाल्याचा प्रिंटर

संगणक मंडळाच्या भिंतीवर एकच पाटी होती आणि ती अप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती: ‘कारण सांगा, नाहीतर गप्प बसा.’ मंडळ म्हणजे काही फार मोठी संस्था नव्हे. वाचनालयाच्या तळघरातली एक खोली, डुगडुगत्या खुर्च्या, कपाटभर वायरींचा गुंता आणि शनिवारी दुपारी जमणारी दहा-बारा डोकी. पण या पाटीपुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे. नवा प्रोग्रॅम घ्यायचा असो की जुनं मशीन टाकायचं असो, इथे हात वर करून मत द्यायची पद्धतच नव्हती. ‘मला आवडत नाही’ हे कारण धरलं जात नसे, ‘सगळे वापरतात’ हे तर त्याहून नाही. तपासून बघता येईल असं कारण ज्याच्याजवळ शेवटपर्यंत उरेल त्याचं खरं, बाकीच्यांनी मुकाट्याने चहा प्यावा.

अप्पांनी आधी टाइपरायटर दुरुस्त केले, मग प्रिंटर, मग संगणक. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले तेव्हा सामानात दोन सदरे आणि चार खोकी स्क्रू होते. लेक एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची. नखांच्या कडेला प्लास्टरची पांढरी रेघ कायमची, आणि कुणी हसलं की आधी त्याच्या दातांकडे बघायची सवय. मंडळात तिला सगळे ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. मंडळाचा पत्रव्यवहार, किल्ली आणि चहापत्ती हे सगळं तिच्याकडेच होतं.

आठवडाभर मंडळ जमायचं ते गप्पांच्या खोलीत. ही खोली म्हणजे एका जुन्यापुराण्या चॅट नेटवर्कवरची जागा. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, फोटो नाही की चित्र नाही. तिचा एक स्वभाव होता, तो इथे नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं घोडं तिथेच पेंड खातं. ही खोली काही लक्षात ठेवायची नाही. तुम्ही आत आलात की तिथून पुढचं बोलणं तुम्हाला दिसणार. आधी कोण काय म्हणालं ते गेलं. संध्याकाळी मशीन बंद केलं आणि सकाळी परत आलात, की समोर कोरा पडदा.

रोज सकाळी चहा झाला की अप्पा मशीन लावत आणि ‘आलो’ असं लिहून आत शिरत. मग बेकरीवाल्याला विचारत, ‘तुमच्या प्रिंटरचं काय झालं?’

बेकरीवाल्याचे पाव तोवर भट्टीतून निघून दुकानात गेलेले असत. तो पिठाच्या पोत्यावर टेकून फोनवर उत्तर लिही, ‘चालू झाला अप्पा.’

‘काय निघालं?’

इथून खरी गंमत. बेकरीवाला कधी लिही की मांजरीने वायर चावली होती, कधी की पीठ आत जाऊन रोलरवर पुरी लाटली गेली होती, कधी की भाच्याने कागदाच्या जागी बिस्किट सारलं होतं. अप्पा खुर्चीत सरसावून बसत. मांजरीने कुठली वायर चावली, पिवळी की काळी? काळी असेल तर जपून. अर्धा-पाऊण तास असा बरा जाई. मग अप्पा समाधानाने ‘ठीक. काही लागलं तर कळवा’ असं लिहीत आणि पेपर वाचायला घेत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाला की, ‘तुमच्या प्रिंटरचं काय झालं?’

तो प्रिंटर आता जगात नव्हता. पावाच्या पिशव्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारं ते धूड दुकान बंद व्हायच्या सुमारास अप्पांकडे दुरुस्तीला आलं होतं. अप्पांनी ते उघडलं, खूप खटपट केली आणि शेवटी हात टेकले. बेकरीवाल्याच्या देखत त्यांनी स्वतःच ते भंगारात घातलं होतं. पण मनाच्या कुठल्याशा खणात ‘बेकरीवाल्याचा प्रिंटर, बाकी आहे’ एवढंच राहून गेलं, आणि भंगाराची ती दुपार गळून पडली.

हे लेकीच्या लक्षात आलं. जुनं सगळं अप्पांना लख्ख आठवायचं. कालपरवाचंच मधूनमधून निसटायचं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होतं, असं तिला वाटे. तिने एकच केलं. अप्पांच्या मशीनवर बोलण्याची नोंद ठेवण्यासाठी एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण असे. अप्पा आंघोळीला गेलेले बघून तिने ती खूण काढून टाकली. आता त्या मशीनवरही काही उरणार नव्हतं. आपला बाप रोज तोच प्रश्न विचारतोय हे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

बेकरीवाला सभ्य माणूस आहे म्हणून निभावतोय, बाकी कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, असं ती धरून चालली होती.

आणि मग जुन्या नेटवर्कच्या मालकाचा निरोप आला. कुठल्या गावचा होता कोण जाणे, त्याला मंडळात कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ‘मशीन म्हातारं झालं, मीही झालो. महिनाअखेर बंद करतोय. सांभाळून राहा.’ गप्पांची खोली दुसरीकडे हलवणं भाग होतं.

शनिवारी तळघर भरलं. समोर दोनच पर्याय होते. एक, तसल्याच दुसऱ्या जुन्या धर्तीच्या नेटवर्कवर जायचं, तिथेही काळा पडदा आणि तोच विसराळूपणा. दुसरा पर्याय नव्या धर्तीचा. तो मांडायला उभी राहिली मेडिकलवाली. औषधांचं दुकान चालवणारी ही मुलगी मंडळात अगदी नवी, उत्साहाने नुसती फसफसत होती.

‘हे नेटवर्क फुकट आहे, आपल्या तळघरातल्या मशीनवर आपलं आपण बसवता येतं, कुणा कंपनीच्या दारात जायला नको,’ ती म्हणाली. ‘आणि मुख्य म्हणजे बोलणं राहतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की माझं बोलणं अर्ध्यावर सुटतं. परत येऊन बघते तर काय चाललंय याचा शेंडा ना बुडखा. इथे वर जाऊन वाचता येतं.’

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘वर जाऊन वाचता येतं? कालचंसुद्धा?’

‘कालचं, परवाचं, पहिल्या दिवसापासूनचं.’

‘कालचंसुद्धा,’ अप्पा पुन्हा म्हणाले आणि त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला.

 आता उठावं, काहीतरी बोलावं, असा विचार लेक करतेय तोच बेकरीवाला खुर्ची सरकवून उठला.

‘माझा विरोध आहे,’ तो म्हणाला. ‘नवीन नेटवर्क फोनची बॅटरी खातं.’

‘तुमचा फोन उजाडल्यापासून चार्जरला लटकलेला असतो,’ अप्पा म्हणाले. ‘पुढे.’

पुढे बेकरीवाल्याजवळ काही नव्हतं. तो खाली बसला. मग गणिताचे सर उठले. जुन्या खोलीत साधं वर्गमूळ लिहून दाखवता येत नाही म्हणून हेच सर वर्षानुवर्षं बोटं मोडत आले होते. ते घसा खाकरून म्हणाले, ‘जुन्या पद्धतीत एक साधेपणा आहे. साधेपणात सौंदर्य असतं.’

‘सौंदर्य तपासून दाखवा,’ अप्पा म्हणाले. ‘आणि वर्गमुळाचं काय झालं सर? तोंड दुखेपर्यंत तक्रार करत होता.’

‘सवय झाली आता,’ सर पुटपुटले आणि भिंतीवरच्या पाटीची नजर चुकवत बसले.

शेवटी ग्रंथपाल बाई उठल्या. वरच्या वाचनालयाच्या या बाई पावसात भिजलेलं, वाळवी लागलेलं, मुखपृष्ठ उडालेलं पुस्तकसुद्धा टाकू देत नसत. दोऱ्याने बांधून ठेवत. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मला वाटतं, सगळंच साठवून ठेवू नये. काही बोलणं बोलून झालं की विरून गेलेलं बरं असतं.’

 अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘बाई, तुम्ही हे म्हणताय? तुमची तब्येत बरी आहे ना?’

बाई लाल झाल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी एकदाच, अगदी पटकन, लेकीकडे पाहिलं.

आणि लेकीला कळलं. बाईंना माहीत होतं. सरांना माहीत होतं. खाली मान घालून खुर्चीचा खिळा खरवडणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही असं समजून एकट्याने अप्पांना झाकत बसला होता. ती इतके दिवस जे एकटीने वाहत होती ते अख्ख्या मंडळाने मिळून उचललेलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिने चहाच्या किटलीकडे तोंड वळवलं.

पण खरं कारण अप्पांसमोर उच्चारता येणार नव्हतं, आणि खोट्या कारणांची अप्पांनी एकेक करून भंबेरी उडवली होती. लेकीने जाता जाता मशीनवर जागा किती लागेल हा मुद्दा काढून पाहिला. अप्पांनी कागदावर दोन ओळींचं गणित करून तोही निकालात काढला. मग ते उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता.

‘मला तुमची लाज वाटते. कुणाकडे एक धड कारण नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, पण ते काय आहे ते सांगायची कुणाची टाप नाही. ही पोर नवी आहे आणि तिने एकटीने कारणं दिली. सोमवारपासून नवीन नेटवर्क. कुणाचा आक्षेप?’

पाटी सगळ्यांकडे बघत होती. सगळे मूग गिळून बसले. मेडिकलवाली मात्र आनंदाने लाल झाली होती. आपल्या हातून काय झालंय याची तिला कल्पनाही नव्हती, आणि तिला ती कोण देणार?

संध्याकाळी लेक बेकरीच्या मागच्या दाराने आत गेली. बेकरीवाला रिकामे ट्रे पुसत होता.

‘माझे वांधे झाले ताई,’ तो म्हणाला. ‘आता एकाखाली एक सगळं दिसणार. काल मांजर, आज बिस्किट. पकडला जाणार मी.’

‘मग रोज एकच लिहा. चालू आहे, काळजी नको. बस.’

‘लिहून पाहिलंय हो.’ त्याने ट्रे बाजूला ठेवला. ‘कागद अडकला होता, काढला, असं लिहिलं की अप्पा ‘बरं’ म्हणून निघून जातात. मांजर म्हटलं की बसतात. हसतात. तुम्हाला खरं सांगू? सकाळची भट्टी उतरली की मी वाटच बघतो त्यांची. आज काय सांगायचं ते पीठ मळतानाच ठरवून ठेवतो.’

 लेकीने दोन पाव घेतले आणि ती निघाली. त्याने पैसे घेतले नाहीत.

सोमवारी खोली हलली. नव्या जागी पडदा पांढरा होता, नावांपुढे रंगीत गोल होते, कुणी काही लिहायला लागलं की खाली ‘अमुक लिहीत आहेत’ असं उमटायचं. अप्पांनी ‘आलो’ लिहिलं आणि प्रिंटरचं विचारलं. मंगळवारीही विचारलं, बुधवारीही. कालचं सगळं तिथेच होतं, बोटभर वर. लेक कामाला जायला उशीर करू लागली. दार लावता लावता परत फिरायची, खुर्चीमागे उभी राहायची. अप्पांच्या माउसचं चाकच काढून ठेवावं असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. पण चाक नाही हे त्यांनी मिनिटात ओळखलं असतं आणि संध्याकाळपर्यंत दुसरं बसवलं असतं.

असेच काही आठवडे गेले. एका रविवारी ती दोन कप चहा घेऊन अप्पांच्या खोलीत आली. रोज या वेळी की-बोर्डचा खडखडाट असे. आज तो नव्हता. अप्पा पडद्याला नाक लावून बसले होते आणि त्यांचं बोट माउसच्या चाकावर हळूहळू फिरत होतं. बोलणं वर वर सरकत होतं.

 तिने कप टेबलावर ठेवले.

अप्पा बराच वेळ वाचत राहिले. मग मागे न बघता म्हणाले, ‘जुनी खोली होती तेव्हा या मशीनवर नोंदीचा चौकोन होता. त्यातली खूण तू काढलीस?’

‘हो, अप्पा.’

‘मला वाटलं मीच काढली आणि विसरलो.’ ते थांबले. ‘फार घाबरलो होतो त्या दिवशी. म्हटलं, हातसुद्धा आता आपले राहिले नाहीत.’

तिने त्यांना जपायला म्हणून जे केलं होतं त्यानेच ते घाबरले होते. ती खुर्चीशेजारी खाली बसली आणि लहानपणी बसायची तशी त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून रडली. अप्पांनी तिच्या केसांतली प्लास्टरची कपची काढली आणि टेबलावर ठेवली.

‘मी विसरतो हे मला माहीत नाही असं वाटलं होय तुला?’ ते म्हणाले. ‘अगं, नव्या नेटवर्कसाठी मी एवढा भांडलो कशाला? वर जाऊन वाचता येतं म्हणून. माझं कारण मीही सांगितलं नाही. पाटी माझी, आणि तिच्याखाली बसून मीच लबाडी केली.’

‘मग रोज वाचत होता?’

‘वाचतही असेन, कुणास ठाऊक. आज वाचलं एवढं खरं.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘पण मला एक सांग. जन्मभर प्रिंटर उघडले मी. मांजर, बिस्किट, पीठ, एवढं सगळं एका प्रिंटरला होत नाही. तो प्रिंटर आहे तरी का?’

‘नाही अप्पा. तुम्हीच तो भंगारात घातला होता. बेकरीवाल्यासमोर.’

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अप्पांनी पडद्याकडे पाहिलं, त्या लांबलचक ओळींकडे, एकाच प्रश्नाखाली रोज नव्याने लिहिलेल्या उत्तरांकडे.

‘म्हणजे हा माणूस,’ ते म्हणाले, ‘पहाटे उठून पाव भाजतो आणि मग माझ्यासाठी प्रिंटर बिघडवत बसतो.’

‘हो.’

‘आणि सर, बाई, सगळ्यांना माहीत आहे?’

‘हो.’

‘तरीच त्या दिवशी इतकी भिकार कारणं देत होते.’ अप्पांचे खांदे हलायला लागले. लेकीला आधी वाटलं ते रडतायत. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, तिने पाठ चोळली, आणि चष्मा परत पुसावा लागला तेव्हा डोळेही पुसून झाले. ‘साधेपणात सौंदर्य म्हणे! सर बिचारे. आणि बाई! बाईंना तर किती जड गेलं असेल ते म्हणताना.’

नव्या खोलीत सगळ्यात वर एक पट्टी होती. तिच्यावर कुणीही काही लिहावं, ते कायम दिसत राही. मेडिकलवालीने तिथे एक फूल काढून ठेवलं होतं. अप्पांनी फूल तसंच राहू दिलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, ‘अप्पांनी आधी वर वाचावं, मग बोलावं.’

‘कशाला अप्पा? सगळे बघतील.’

‘बघू देत. पाटी आहे ती. माझ्यासाठी आहे.’

मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि खाली, रोजच्या जागी, रोजचा प्रश्न लिहिला, ‘तुमच्या प्रिंटरचं काय झालं?’

उत्तर येईना. बेकरीवाल्याने वरची पट्टी वाचली असणार. खाली ‘बेकरीवाले लिहीत आहेत’ असं उमटलं आणि पुसलं गेलं. परत उमटलं, परत पुसलं गेलं. लेकीला पोत्यावर बसलेला तो घामाघूम माणूस डोळ्यांसमोर दिसत होता.

अप्पांनी पुन्हा बोटं चालवली. ‘घाबरू नका. सगळं वाचलंय मी. काल मुंगळा होता. आज काय?’

क्षणभर पडदा तसाच राहिला. मग खाली उमटलं, बेकरीवाले लिहीत आहेत. त्याच्या शेजारी, ग्रंथपाल बाई लिहीत आहेत. सर लिहीत आहेत. कधी न बोलणारी दोन-तीन नावंही त्या ओळीत येऊन दाटीवाटीने उभी राहिली, ओळ पुरेना.

‘एकेकाने बोला म्हणावं,’ अप्पा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.